करार असावा, दावण नसावी

फुटबॉलपटू आणि त्याचा संघ यांच्यातील कराराच्या भांडणाची बातमी वाचताना सामान्य वाचकाची पहिली प्रतिक्रिया बहुधा उपहासाची असते. महिन्याच्या वीस तारखेलाच ज्याच्या पगाराचा हिशोब संपतो अशा शिक्षकाला किंवा कारकुनाला कोट्यवधींच्या नुकसानभरपाईचे आकडे परक्या मुलुखातले वाटावेत, यात नवल नाही. खेळाडू लोभी आणि मालक त्याहून लोभी, असा निकाल देऊन तो पान उलटतो. हा निकाल समजण्यासारखा असला तरी बरोबर नाही. नामवंत खेळाडूच्या भांडणातून जो नियम ठरतो तो नाव नसलेल्या शेकडो खेळाडूंना लागू होतो. नामवंताला वकील परवडतो म्हणून तो लढतो. इतरांच्या वाट्याला त्याने मिळविलेला किंवा गमावलेला नियम येतो.

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावी बसून कोलकात्याच्या संघांची उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, करार या शब्दाचा खरा अर्थ या भागाला फार जवळून ठाऊक आहे. दिवाळी सरली की या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी गुजरातेत ऊसतोडीला जातात. उचल घेताना अंगठा एका बाजूचा उमटतो, हिशोबाची वही दुसऱ्या बाजूकडे राहते. हंगाम अर्धवट सोडला तर उचल डोक्यावर बसते. मुकादमाने हिशोब चुकविला तर दाद कोठे मागावी हे कळत नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. एकतर्फी कराराचे मूळ मात्र कायद्याने एका घावात तुटत नाही. फुटबॉलपटूंच्या प्रश्नाकडे याच नजरेने पाहिले तर त्यातील मर्म ध्यानात येते.

चार वर्षांची उसनवारी

अलीकडच्या काळातील सर्वांत गाजलेला वाद बचावपटू अन्वर अली याचा. पंजाबचा हा तरुण २०१९ मध्ये मुंबई सिटी संघात आला असताना त्याला हृदयविकार असल्याचे तपासणीत आढळले. त्याने खेळू नये, असे महासंघाचे म्हणणे पडले आणि खेळण्याच्या हक्कासाठी त्याला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. २०२१ मध्ये तो मैदानावर परतला, एफसी गोवा संघाकडून खेळला, आणि पुढे भारतीय संघाचा आधारस्तंभ बनला. २०२३ साली दिल्ली एफसी या त्याच्या मूळ संघाने त्याला मोहन बागानकडे लोन तत्त्वावर, म्हणजे उसनवारीने दिले. ही उसनवारी चार वर्षांची, मे २०२७ पर्यंतची होती. जुलै २०२४ मध्ये अन्वरने ती एकतर्फी संपविली, तो दिल्ली एफसीकडे परतला आणि तेथून मोहन बागानच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, ईस्ट बंगालकडे गेला.

मोहन बागानने महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे तक्रार केली. १० सप्टेंबर २०२४ रोजी समितीने निर्णय दिला: अन्वरवर चार महिन्यांची बंदी, ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी यांना दोन हंगामी मुदतींपर्यंत नवे खेळाडू घेण्यास मनाई, आणि तिघांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई. तीनच दिवसांनी हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात उभे राहिले. महासंघाने निर्णय मागे घेण्याची तयारी दाखविली, तो रद्दबातल ठरला, आणि सर्व पक्षांचे म्हणणे पुन्हा ऐकून सकारण निर्णय द्यावा असे ठरले.

या वादात एकच बाजू धुतल्या तांदळासारखी आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. चार वर्षांचा शब्द देऊन एका वर्षात उठून जाणे हे करारभंगासारखे दिसते. संघ खेळाडूवर पैसा लावतो, त्याच्याभोवती डावाची आखणी करतो. त्याची फसगत झाली तर त्याला भरपाई मिळणे न्यायाचे आहे. पण दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, २०२२ पासून उसनवारीची मुदत एका वर्षापुरती मर्यादित केली आणि राष्ट्रीय महासंघांना आपले नियम तीन वर्षांत त्याच धर्तीवर आणण्यास सांगितले. मग चार वर्षांची उसनवारी मुळात कोणत्या तत्त्वावर मान्य झाली? खेळाडू ही वस्तू नसेल तर एका संघाने त्याला चार वर्षे दुसऱ्याकडे ठेवायला देणे, ही कल्पनाच विचित्र नाही काय? यांपैकी कोणता युक्तिवाद टिकतो हे ठरविणे समितीचे काम होते. मात्र बारा कोटींचा बोजा आणि चार महिन्यांची बंदी ज्या निर्णयाने लादायची, त्याची कारणे निर्णयाबरोबरच स्पष्ट असावीत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. कारणावाचून दिलेला निवाडा हा हुकूम असतो.

दीडशे वर्षांचे कलम

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याचा आधार नाही असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय, धंदा वा उद्यम करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या या वाक्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाच्या रेषा आखल्या आहेत, आणि दोन्हींचा संबंध महाराष्ट्राशी आहे.

पहिली रेषा १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यातील. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्यापूर्वीच तो अधिक पगारावर राजस्थानातील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. कराराची मुदत चालू असेतोवर प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी न करण्याची अट ही व्यवसायावरील गैरवाजवी बंधन ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याच्यावरील मनाई हुकूम कायम केला. दुसरी रेषा २००६ ची. श्रीरामपूरचा सुपुत्र, वेगवान गोलंदाज झहीर खान याने पर्सेप्ट डी'मार्क या जाहिरात-व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही नवा करार करण्यापूर्वी आधी आपल्यालाच विचारले पाहिजे, या अटीवर कंपनीने बोट ठेवले. करार संपल्यानंतर माणसाला बांधून ठेवणारी अशी अट २७ व्या कलमाखाली टिकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

दोन्ही निवाडे एकत्र वाचले म्हणजे तत्त्व स्वच्छ दिसते. मुदतीत शब्द पाळावा; मुदत संपली की माणूस मोकळा. त्याशिवाय १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यानुसार न्यायालय कोणालाही अमुक मालकाची व्यक्तिगत चाकरी करच, अशी सक्ती करीत नाही. भरपाई मागता येते. पण पाय बांधून मैदानात उतरविता येत नाही.

ईस्टहॅमची झुंज

विलायतेतील फुटबॉलपटूंना हे तत्त्व फार उशिरा लाभले, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. तेथे १९६१ च्या आरंभापर्यंत खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. तिच्याही पलीकडे जाचक होती ती 'राखून ठेवण्याची' पद्धत. करार संपला तरी संघ खेळाडूची नोंदणी आपल्याकडे ठेवू शके. त्यामुळे त्याला दुसरीकडे खेळता येत नसे आणि जुन्या संघाने पगार दिलाच पाहिजे असेही नसे. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅम याने १९६० मध्ये संघ सोडण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली तेव्हा त्याने बूट खुंटीला टांगले आणि मैदानाबाहेर नोकरी धरली. काही महिन्यांनी त्याला आर्सेनलकडे जाऊ देण्यात आले. प्रश्न सुटला असे मानून तो गप्प बसला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण तो न्यायालयात गेला, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायावरील अन्याय्य बंधन असल्याचा निर्णय दिला. त्या निकालाचा लाभ ईस्टहॅमपेक्षा त्याच्या मागून आलेल्यांना अधिक झाला.

बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान याची कथा अधिक करुण आहे. १९९० मध्ये लीएज संघाशी असलेला त्याचा करार संपला. तरी फ्रान्समधील डंकर्क संघाकडून बदलीची रक्कम मिळण्याची खात्री नसल्याने त्याला सोडण्यात आले नाही. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. आज जगातील बडे खेळाडू मुदत संपताच बदलीच्या रकमेवाचून संघ बदलतात, ते बोस्मानच्या जिवावर. स्वतः बोस्मानच्या खेळाची उमेदीची वर्षे मात्र खटल्यात गेली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपली म्हण खरीच. पण एखादा वेडा ती चढतो म्हणून मागच्या शहाण्यांना वाट मोकळी होते.

पगार थांबला तेव्हा

करार मोडणारा खेळाडू असतो तेव्हा दंड, बंदी, भरपाई यांची भाषा तत्काळ सुरू होते. करार मोडणारा संघ असतो तेव्हा काय होते? याचे उत्तर २०२५ सालाने दिले.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा ज्या व्यापारी हक्कांच्या करारावर उभी होती तो महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी केला होता. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार हे पंधरा वर्षे सर्वांना ठाऊक होते. महासंघाच्या घटनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे असल्याने नूतनीकरणाची बोलणी अडली, आणि जुलै २०२५ मध्ये संयोजक कंपनीने नवा हंगाम स्थगित केल्याचे कळविले. ऑगस्टमध्ये बंगळूर एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. इतर काही संघांनीही कामकाज गुंडाळून ठेवले. डिसेंबरात मुंबई सिटीतील परदेशी भागीदार, सिटी फुटबॉल समूह, आपला हिस्सा सोडून निघून गेला. सुनील छेत्रीसारख्या ज्येष्ठ खेळाडूला सहकाऱ्यांसह जानेवारी २०२६ मध्ये जागतिक संघटनांकडे जाहीर याचना करावी लागली. पुढे ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी स्पर्धा १४ फेब्रुवारीपासून होईल असे जाहीर केले, तेव्हा कोठे कोंडी फुटली.

संघचालकांची अडचण खोटी नव्हती. स्पर्धाच नसेल तर तिकिटे नाहीत, जाहिराती नाहीत, मग पगार कशातून द्यायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु धंद्यातील जोखीम मालकाने उचलायची असते. म्हणून तर नफाही त्याचाच असतो. ती जोखीम पगारदाराच्या चुलीपर्यंत पोचविणे कोणत्या न्यायात बसते? फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार सोडता येतो. हक्क उत्तम आहे. पण सगळ्याच संघांची मैदाने ओस पडलेली असताना करार सोडून त्याने जायचे कोठे? खेळाडूची कमाईची वर्षे मोजून दहा-बारा असतात. त्यातले अर्धे वर्ष वाया गेले तर ते कोणत्याही भरपाईने परत येत नाही.

नोकरीचे दिवस

जुन्या पिढीतील वाचकांना मुंबईच्या कूपरेजवरील वेगळे दिवस आठवत असतील. टाटा, मफतलाल, ओरके, महिंद्र, रेल्वे, बँका यांचे संघ तेव्हा मैदान गाजवीत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा टाटांच्या संघाचा खेळाडू. खेळाच्या जोरावर अशा संस्थांत नोकरी मिळे. पगार तुटपुंजा असला तरी पाय मोडला म्हणून भाकरी मोडत नसे. त्या पद्धतीतही मालकाची मर्जी होतीच आणि खेळाडूला बाजारभाव मिळत नव्हता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण व्यावसायिकतेच्या नावाखाली आपण नोकरीची शाश्वती घालविली आणि तिच्या जागी कराराची शाश्वती आणली नाही, हे मान्य केले पाहिजे.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या नामांकित संघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची कारणे असतील, काही पटण्याजोगीही होती. मात्र संघ बंद करणाऱ्या मालकावर चार महिन्यांची बंदी आल्याचे कोणी ऐकले आहे काय? बळी तो कान पिळी, हा नियम मैदानाबाहेरही चालतो.

काय करता येईल?

उपाय फार दूरचे नाहीत. पहिला असा की, प्रत्येक व्यावसायिक खेळाडूचा करार एका प्रमाणित नमुन्यात, त्याला समजणाऱ्या भाषेत व्हावा आणि त्याची नोंदलेली प्रत त्याच्या हाती असावी. २००९ मध्ये बायचुंग भुतियासारखा भारताचा कर्णधार मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे निघाला, तेव्हा त्याच्या कराराचे आणखी एक वर्ष शिल्लक आहे की नाही यावरच वाद माजला. कर्णधाराची ही गत, तर राखीव खेळाडूची काय असेल?

दुसरा उपाय: संघाने स्पर्धेत उतरण्यापूर्वी काही महिन्यांच्या पगाराची हमी बँकेत ठेवावी. सरकारी कामाचा ठेकेदार अनामत ठेवतो. मग माणसांच्या उमेदीची वर्षे विकत घेणाऱ्याने ती का ठेवू नये? तिसरा: तंट्याचा निवाडा महासंघाच्या छायेबाहेरच्या मंडळाने, ठरलेल्या दिवसांत आणि लेखी कारणांसह द्यावा. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. खेळाडूंच्या कराराचे तंटे तेथपर्यंत लवकर आणि कमी खर्चात पोचतील, हे पाहिले पाहिजे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा: खेळाडूंची संघटना. भुतियाच्या पुढाकाराने २००६ मध्ये अशी संघटना स्थापन झाली आहे. तिला करारांच्या नमुन्यावर मत देण्याचा अधिकार असला पाहिजे. शिक्षकांना आणि कारकुनांना संघटनेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. आपली वेतनश्रेणी कशी मिळाली, हे ते जाणतात.

धानोऱ्याच्या मुलाची सही

आता पुन्हा धानोऱ्याकडे येऊ. सप्टेंबर २०१७ मध्ये, नवी मुंबईत होणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेच्या निमित्ताने, राज्य सरकारने शाळाशाळांतून फुटबॉल वाटले आणि दहा लाख मुलांना एका दिवशी खेळविण्याची मोहीम काढली. त्या स्पर्धेतील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तळोदा आणि नंदुरबार प्रकल्पांतील आश्रमशाळांच्या मुलांच्या पायांत वेग आणि छातीत दम उपजत आहे, हे क्रीडास्पर्धांच्या मैदानावर कोणीही पाहून घ्यावे. उद्या एखाद्या अकादमीचा माणूस येथे येईल आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या बापापुढे एक इंग्रजी कागद ठेवील. आणणारा माणूस भला असेल, कागदही भला असेल. पण बापाने आजवर पाहिलेला एकमेव करार मुकादमाच्या वहीतला आहे. तो न वाचता अंगठा करील.

त्या वेळी गावातील शिक्षकाने पुढे व्हावे. अज्ञान मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच निरर्थक आहे, हे १९०३ मधील प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्यापासून ठरलेले आहे, हे त्याने सांगावे. अठरा वर्षांखालील खेळाडूला फिफाचे नियम तीन वर्षांपलीकडे बांधू देत नाहीत, हे सांगावे. मुदत किती, पगार किती, दुखापत झाली तर उपचार कोणाचे, शाळा सुटली तर शिक्षणाचे काय आणि मुलाला घरी परतायचे झाले तर भाडे कोण देणार, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय कागदावर काही उमटू देऊ नये. कागदाची एक प्रत घरात ठेवून घ्यावी.

अन्वर अलीच्या खटल्यात शेवटी कोण जिंकतो, यावर कोलकात्यातील लाखो प्रेक्षक पैजा लावतील. आपण पाहायचे ते एवढेच की, त्यातून जो नियम निघेल तो दोन्ही बाजूंना सारखा बांधतो की नाही. शब्द मोडणाऱ्या खेळाडूला दंड असावा, आणि पगार थांबविणाऱ्या संघालाही असावा. तसे झाले तर धानोऱ्याचा मुलगा कागदावर सही करील तेव्हा त्याचा बाप उचलीच्या आठवणीने घाबरणार नाही.